परसातली जास्वंद



जास्वंद कशी लावावी हे सांगायला रेडिओवर माणूस कशाला हवा, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल. आणि ते खरेही आहे. फांदी तोडावी, पावसाळ्यात न्हाणीच्या पाण्याजवळ खोचावी, की जास्वंद लागते. आपल्या आज्यांनी यापेक्षा अधिक काही केले नाही. पण लागणे वेगळे आणि फुलणे वेगळे. गावोगाव जी तक्रार ऐकू येते ती लागण्याची नसते, फुलण्याची असते. झाड छपरापर्यंत गेले, पाने हिरवीगार, पण फूल म्हणाल तर शेंड्याला एखादे, तेही हाताला न येणारे. गणपतीच्या दिवसांत तर शेजाऱ्याकडे मागायची पाळी. कोणी म्हणते माती वाईट, कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी युरिया टाकून पाहतो, तेव्हा पाने आणखी वाढतात आणि फूल आणखी कमी होते.

याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर, जुन्या लाकडावर नाही. कोवळ्या फांदीचे शेंडे जसजसे वाढत जातात, तसतशी पानांच्या बगलेत कळी धरते. जी फांदी दोन-तीन वर्षे कोणी हात न लावता वाढली, तिचा खालचा सारा भाग नुसता वासा होतो, आणि नवी फूट राहते ती फक्त टोकाला. मग फूलही टोकालाच. एका फांदीचे एकच टोक असेल, तर फूल एक. तीच फांदी कापून तिला चार फुटवे आणले, तर टोके चार. हा हिशेब साधा आहे. पण फुलझाडाला, आणि त्यातून देवाच्या फुलझाडाला, कात्री लावायला आपला हात कचरतो. म्हणून आज मुख्यतः या कात्रीविषयीच बोलायचे आहे. मात्र त्याआधी हे झाड कोण, कुठले, याची थोडी ओळख करून घेऊ, कारण त्याची काळजी कशी घ्यावी हे त्याच्या कुळावरूनच कळते.

जास्वंदीला संस्कृतात जपा किंवा जवा म्हणतात. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिले, ते हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. म्हणजे शब्दशः चिनी गुलाब. त्याच्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात, मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा १२ खंडांचा ग्रंथ आम्स्टरडॅमला छापला गेला, त्यातही मलबारच्या जास्वंदीचे चित्र आणि वर्णन आहे. नाव चिनी असले तरी चीनच्या रानात ही रानटी अवस्थेत वाढलेली सापडत नाही. माणसाच्या हातून माणसाच्या हाती, अंगणातून अंगणात, अशीच ती पिढ्यान् पिढ्या आली आहे. मलेशियाने तर १९६० साली हिला आपले राष्ट्रीय फूल ठरवले.

याचे कारणही झाडातच आहे. आपली लाल एकेरी गावठी जास्वंद बहुधा बी धरत नाही. फूल सकाळी उमलते, दिवसभर मिरवते, शिंजीर पक्षी येऊन मध पिऊन जातो, आणि संध्याकाळी ते मिटून गळते. मागे बोंड राहत नाही. म्हणजे तुमच्या दारची लाल जास्वंद ही कोणाच्या तरी दारच्या जास्वंदीची फांदी आहे, ती आणखी कोणाच्या तरी. गुण बदलत नाहीत, चांगले तेही आणि वाईट तेही. म्हणून फांदी आणताना आधी झाड पाहावे. ऐन वैशाखातही ज्याला कळ्या आहेत, ज्याचे शेंडे वाकडेतिकडे झालेले नाहीत, अशा झाडाचीच फांदी घ्यावी. नातेवाइकांकडचे झाड आहे म्हणून वाटेल ती फांदी आणली, तर पुढची दहा वर्षे नात्याचा विचार करीत बसावे लागते.

आता कूळ. शेतकरी बंधूंना हे विशेष सांगायचे आहे. कपाशीचे फूल डोळ्यांपुढे आणा. भेंडीचे फूल आणा. अंबाडीचे आणा. पाच पाकळ्या, मधून निघालेली केसरांची नळी, खाली हिरव्या पट्ट्यांचे वेटोळे. ही सारी एकाच घरची भावंडे आहेत. समुद्रकाठचा पारोसा पिंपळही त्यातलाच. भावंडे म्हटली की खोडी सारख्या आणि दुखणीही सारखी. कपाशीवर येणारा मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सारे जास्वंदीवर येतात. फरक एवढाच, की कपाशी शेतातून दर वर्षी निघते आणि जास्वंद बाराही महिने दारात उभी असते. याचा अर्थ काय होतो तो पुढे पाहू.

लावणी घेऊ. मृगाचा पाऊस एकदोनदा चांगला होऊन गेला, की छाट कलमे करावीत. फांदी अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनी राखाडीही नको. मधल्या वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा थोडी कमी, आणि तिच्यावर तीन-चार डोळे हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा आणि वरचा डोळ्याच्या थोडा वर तिरका. त्याचा एक फायदा असा, की मुले कलमे लावायला बसली म्हणजे वरचे टोक कोणते नि खालचे कोणते हे विसरत नाहीत. उलटे खोचलेले कलम लागत नाही. खालची पाने काढून टाकावीत, वरची एक-दोन ठेवावीत, तीही निम्मी कापून. कारण मूळ नसलेल्या फांदीला पानांवाटे उडणारे पाणी परवडत नाही. निम्मी काडी मातीत जाईल अशी ती भुसभुशीत, वाळू मिसळलेल्या मातीत लावावी आणि सावलीत ठेवावी. माती ओलसर हवी, चिखल नको.

चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. पण त्याआधीच डोळ्यातून कोवळी पाने बाहेर येतात आणि आपल्याला वाटते, लागले! ही पाने काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असतात. मुळे अजून असतीलच असे नाही. या वेळी काडी उपटून पाहणे, किंवा उचलून उन्हात ठेवणे, या दोन गोष्टींनी जेवढी कलमे मरतात तेवढी दुसऱ्या कशाने मरत नसतील. दोन महिने तिला तिच्या जागी राहू द्यावे.

जागेला ऊन हवे. रोज निदान पाच-सहा तास. आंब्याखाली, घराच्या उत्तरेला, दाट सावलीत लावलेली जास्वंद जगते, पण फुलत नाही. लोक सावलीच्या जागेला 'गार जागा' म्हणतात आणि झाडाला बरे वाटेल असे समजतात. जास्वंदीला गारवा मुळात हवा आणि ऊन डोक्यावर.

मातीच्या बाबतीत कोकण आणि देश यांना एकच सल्ला चालणार नाही. कोकणात जांभ्या दगडाची माती, पाणी धरून ठेवीत नाही. तिथे दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि पोयटा भरावा आणि झाड लावावे. देशावर आणि वऱ्हाडात काळी माती. तिथे असाच खड्डा घेऊन त्यात सच्छिद्र माती भरली तर काय होते? सभोवतीच्या काळ्या मातीतून पाणी बाहेर झिरपत नाही, आणि तो खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरतो. जास्वंदीची मुळे त्यात गुदमरतात. श्रावणात पाने पिवळी पडून गळू लागली की आपण म्हणतो, पाणी कमी पडले असेल, आणि आणखी पाणी घालतो. तेव्हा काळ्या जमिनीत खड्ड्यापेक्षा उंचवटा बरा. वीत-दीड वीत उंचीचा, तीन-चार फूट घेराचा ओटा करावा. माती दोन भाग, शेणखत एक भाग, जाड वाळू एक भाग. त्यावर झाड लावावे. पाणी आपोआप निघून जाते.

काळ्या जमिनीत दुसरीही एक अडचण असते, ती चुनखडीची. नवी पाने पिवळी पडतात पण त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असते, पण चुन्यामुळे झाडाला घेता येत नाही. अशा वेळी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि एक लक्षात ठेवावे: चुलीतली राख जास्वंदीच्या बुंध्याशी टाकायची आपली जुनी सवय आहे. कोकणातल्या आंबट मातीत मूठभर राख चालते. चुनखडीच्या जमिनीत ती टाकू नये. राखेनेही माती चुन्याच्याच बाजूला झुकते, आणि पिवळेपणा वाढतो.

पाणी किती, असे विचारतात. याला आकडा नाही. बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. द्यायचे तेव्हा भरपूर, आळे भरून, आणि आळे बुंध्याला टेकलेले नको, थोडे दूर, फांद्यांच्या घेराखाली. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याने मुळे वरवर राहतात आणि मग एका उन्हाच्या दिवशी झाड मान टाकते. उन्हाळ्यात आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला अंथरावा. कळ्या उमलण्याआधीच गळतात, ही तक्रार बहुतेक वेळा या पाण्याच्या हेळसांडीचीच असते: चार दिवस कोरडे, पाचव्या दिवशी तुडुंब. बारीक किडीनेही कळ्या गळतात. तेव्हा गळलेल्या कळ्या वेचून जाळाव्यात, बुंध्याशी कुजू देऊ नयेत.

आता कात्री.

वर्षातून एक मोठी छाटणी आणि एक हलकी, एवढे पुरे. मोठी छाटणी थंडी ओसरताना, म्हणजे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करावी. ऐन थंडीत करू नये, कारण तेव्हा झाड जवळजवळ झोपलेले असते, फूट लवकर येत नाही. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा काढावा, अधिक नाही. कोणता हिस्सा? प्रथम वाळलेल्या फांद्या, मग आत शिरून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आणि मग ज्या उंच वासे झाल्या आहेत त्या. राहिलेल्या फांद्या कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा पाहावा आणि त्याच्या थोडे वर, तिरका काप द्यावा. डोळ्याचे तोंड जिकडे, नवी फांदी तिकडे जाते. बाहेर गेली तर झाडाच्या पोटात ऊन-वारा खेळतो; आत गेली तर पुन्हा गुंता.

कोयत्याने छाटू नये. कोयता फांदी चिरतो, साल फाटते, आणि त्या जखमेतून फांदी खालपर्यंत वाळत जाते. द्राक्षबागायतदार ज्याला सिकेटर म्हणतात, ती छाटणीची कात्री एखाद्या शेजाऱ्याकडे असतेच. अंगठ्याहून जाड काप असेल तर त्याला बोर्डो पेस्ट लावावी. डाळिंब आणि द्राक्षाच्या गावांत ती कोणाकडेही मिळेल.

फार जुने झाड असेल, दहा-पंधरा वर्षे ज्याला हात लागलेला नाही, ते एकदम खाली कापण्याचे धाडस करू नये. तीन वर्षांत वाटून घ्यावे. दर वर्षी सर्वांत जुन्या अशा एकतृतीयांश फांद्या बुंध्याजवळून काढाव्यात. पहिल्या वर्षी झाड बोडके दिसते आणि घरातली वडीलधारी माणसे रागावतात. त्यांना उन्हाळा सरेपर्यंत थांबायला सांगावे. मोठ्या छाटणीनंतर पहिला बहर यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. छाटणीबरोबर घमेलेभर शेणखत आळ्यात मिसळावे आणि एकदा पोटभर पाणी द्यावे. युरियाच्या मागे लागू नये, त्याने काय होते ते सुरुवातीला सांगितलेच आहे.

हलकी छाटणी गणपतीसाठी. मृग लागला की, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, सगळ्या फांद्यांचे शेंडे बोटभर खुडावेत. सगळे, कळी असलेलेसुद्धा. त्या दिवशी दहा-वीस कळ्या जातात खऱ्या. पण पावसाबरोबर प्रत्येक शेंड्याला दोन-तीन फुटवे येतात आणि भाद्रपदात त्यांवर फुले असतात. ज्यांना रोज पूजेला फूल लागते त्यांनी अर्धे झाड आज आणि अर्धे तीन आठवड्यांनी खुडावे, म्हणजे खंड पडत नाही. देवाच्या झाडाला लोखंड लावू नये असे म्हणणारे आहेत, त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. शेंडे नखानेही खुडता येतात.

आता त्या भावंडांच्या दुखण्याकडे वळू. शेंड्याची पाने आखडून गोळा झाली, पेरे जवळजवळ आली, शेंडा कोबीच्या गड्ड्यासारखा दिसू लागला, आणि त्यात कापसासारखे पांढरे काही दिसले, म्हणजे पिठ्या ढेकूण आला. हा रस शोषतो आणि शोषताना शेंड्यात विषारी लाळ सोडतो, त्याने वाढ वाकडी होते. गुलाबी पिठ्या ढेकूण तर जास्वंदीच्याच नावाने जगभर ओळखला जातो. १९९४ साली तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचला आणि तिथल्या बागांचे, झाडांचे अतोनात नुकसान केले. शेवटी त्याचे नैसर्गिक शत्रू बाहेरून नेऊन सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला.

आपल्याकडे दुसरा एक, मूळचा अमेरिकेकडचा पिठ्या ढेकूण, २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत कपाशीवर मोठ्या प्रमाणावर दिसला. गुजरात, महाराष्ट्र, पंजाब सगळीकडे. कपाशीची शेते जानेवारी-फेब्रुवारीत मोकळी होतात आणि पुन्हा जूनमध्ये पेरतात. मधले चार महिने हा प्राणी राहतो कुठे? बांधावरच्या गाजरगवतावर, पेटारीवर, आणि दारातल्या जास्वंदीवर. म्हणून म्हटले, की दारची जास्वंद बारा महिने उभी असते याला अर्थ आहे. कपाशीच्या गावात शाळेभोवती जास्वंदीचे कुंपण असेल आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसेल, तर ते कुंपण एकट्या शाळेचे राहत नाही. शेजारच्या शेताचेही होते. अशा गावांत फेब्रुवारीची छाटणी चुकवू नये. आखडलेले शेंडे कापताना खाली गोणपाट किंवा कागद अंथरावा, पिल्ले जमिनीवर पडू देऊ नयेत, आणि ते सारे तिथेच जाळावे. उकिरड्यावर टाकले तर तिथून ती चालत परत येतात. वाऱ्यावर, कपड्यांवर बसूनही जातात.

झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ढेकूण आहेच असे समजावे. ढेकणाच्या अंगातून मधासारखा चिकट पाझर निघतो, तो मुंग्यांना हवा असतो. त्या बदल्यात त्या ढेकणाच्या शत्रूंना हुसकावतात आणि त्याची पिल्ले इकडून तिकडे नेतात. तो पाझर पानांवर सांडला की त्यावर काळी बुरशी धरते, पान काजळी फासल्यासारखे होते. तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडावी. जमिनीला टेकलेल्या फांद्या काढाव्यात, भिंतीला टेकलेल्या काढाव्यात. मग जोराच्या पाण्याने शेंडे धुवावेत. नंतर निंबोळीचा अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून घ्याव्यात, थोडा साबण मिसळावा आणि पानांच्या खालच्या बाजूनेही लागेल असा फवारा द्यावा. आठवड्याने पुन्हा. कपाशीवरचे जहाल औषध उरले आहे म्हणून ते जास्वंदीवर मारू नये. या फुलाचे तेल आपण डोक्याला लावतो, आणि फुलाच्या देठाकडचा मध चोखणारी मुले प्रत्येक शाळेत असतात.

फवारण्याआधी मात्र एकदा नीट पाहावे, ही माझी विनंती आहे. ढेकणांच्या घोळक्यात एखादा पांढरा, झिपऱ्या झिपऱ्या असलेला, ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट मोठा प्राणी चालताना दिसला, तर त्याला चिरडू नका. तो ढेकूण नव्हे. तो एका भुंगेऱ्याची अळी आहे आणि ती ढेकूणच खाते. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. मोठा झाला की काळसर अंगाचा आणि तांबूस डोक्याचा दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याची अळी ढेकणासारखेच पांढरे मेण अंगावर घेऊन हिंडते, आणि त्यामुळे मुंग्यांच्या हातून वाचते पण माणसांच्या हातून मरते. तसेच काही ढेकूण तपकिरी, कडक, फुगलेले दिसतात. ते मेलेले असतात. त्यांच्या पोटात एक बारीक गांधीलमाशी वाढत असते. कपाशीच्या ढेकणावरची ही गांधीलमाशी आपल्याकडे २००८ च्या सुमारास दिसू लागली, आणि तिने पुष्कळ काम केले. असे तपकिरी ढेकूण असलेला शेंडा जाळू नये, झाडावरच राहू द्यावा.

रोपवाटिकेतल्या मोठ्या रंगीत जास्वंदींविषयी थोडेसे. ताटलीएवढी पिवळी, नारिंगी, जांभळट फुले पाहून मन मोहते. ही संकरित झाडे, त्यांची मुळे पुष्कळदा नाजूक असतात, म्हणून ती गावठी लाल जास्वंदीच्या खुंटावर डोळा भरून किंवा कलम करून घ्यावीत. घेताना सांध्याची जागा पाहावी, आणि लावल्यावर सांध्याखालून येणारी प्रत्येक फूट काढून टाकावी. नाहीतर दोन वर्षांनी लाल गावठी फूल येते आणि लोक म्हणतात, झाडाने रंग बदलला. कातरलेल्या पाकळ्यांची, खाली लोंबणारी जास्वंद वेगळ्या जातीची, पूर्व आफ्रिकेतली. तीही आपल्या हवेत मजेत वाढते. पहिल्यांदा लावणाऱ्याने मात्र गावठी लालच लावावी.

गुरुजी मंडळींसाठी आता दोन गोष्टी. शाळेच्या कुंपणाला कण्हेर आणि बिट्टी लावण्याची फार चाल आहे, कारण शेळी त्यांना तोंड लावीत नाही. शेळी शहाणी आहे. ही दोन्ही झाडे मुळापासून बियांपर्यंत विषारी आहेत, आणि बिट्टीच्या बिया मुलांच्या खेळण्यात सर्रास असतात. जिथे लहान मुले दिवसभर वावरतात, तिथे जास्वंद बरी. शेळी जास्वंद आवडीने खाते हे कबूल. म्हणून पहिली दोन वर्षे बाहेरून काट्यांची वई करावी. रोपांत दोन-दोन फूट अंतर ठेवावे. पहिला मे महिना हा कसोटीचा, कारण शाळा बंद आणि पाणी घालणारे कोणी नाही. प्रत्येक दोन रोपांमध्ये एक मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि ते आठवड्यातून दोनदा भरण्याचे काम शाळेजवळच्या एखाद्या घराकडे सोपवावे. पाणी मडक्यातून पाझरत राहते.

दुसरी गोष्ट वर्गातली. फुलाचे भाग शिकवायला जास्वंदीसारखे फूल नाही. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग हे सारे नुसत्या डोळ्यांनी दिसते. केसरांची नळी नखाने उभी चिरली तर आतून वाहणारी बारीक कुक्षिवृंत हाताला लागते आणि तिची वर फुटलेली पाच टोके मुले आपणहून मोजतात. ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, त्यांनी चार-पाच लाल पाकळ्या कढत पाण्यात कुस्कराव्यात. ते रंगीत पाणी दोन वाट्यांत घ्यावे. एकीत लिंबाचा रस पिळला की रंग गडद गुलाबी होतो. दुसरीत धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घातली की हिरवट होतो. आम्ल आणि अल्क यांचा धडा त्या दिवशी फळ्यावर लिहावा लागत नाही.

जूनमध्ये शेंडे खुडाल आणि फेब्रुवारीत फांद्या छाटाल, तेव्हा निरोगी झाडाच्या काड्या फेकू नका. पावसाळ्यातल्या काड्या लगेच लावता येतात. दुसऱ्या गावी न्यायच्या असतील तर पाने काढून ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात, टोके बाहेर राहू द्यावीत आणि सावलीतून न्याव्यात. दोन दिवस त्या सहज टिकतात. गावी पोहोचल्यावर खालचे टोक पुन्हा एकदा नवा काप देऊन मगच मातीत लावावे.